अहमदनगर जिल्हा आणि न्यायालयीन रिसिव्हरपद : एक ऐतिहासिक विवेचन

दोन पक्षांमध्ये मालमत्तेचा वाद सुरू झाला म्हणजे न्यायालयापुढे एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतात. मालमत्ता कोणाची, हा पहिला. आणि त्याचा निर्णय लागेपर्यंत ती सांभाळावयाची कोणी, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा ऊहापोह विधिग्रंथांत विपुल आढळतो. दुसऱ्याकडे इतिहासाभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेलेले आहे. वास्तविक दावा चालू आहे म्हणून शेतातले उभे पीक वाट पाहत नाही, घराचे भाडे थकावयाचे थांबत नाही, की देवस्थानात येणारी यात्रा परत फिरत नाही. या मधल्या काळात जो मनुष्य न्यायालयाच्या वतीने मालमत्ता ताब्यात घेतो, तिचे उत्पन्न गोळा करतो आणि त्याचा हिशेब न्यायालयापुढे ठेवतो, तो रिसिव्हर होय. महाराष्ट्र शासनाच्या न्यायव्यवहाराच्या परिभाषेत त्यास ‘प्रापक’ असा शब्द योजिला आहे. तथापि कचेरीत आणि गावात रूढ झाला तो ‘रिसिव्हर’ हाच.

या पदाच्या इतिहासाचा विचार अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात करण्यास सबळ कारण आहे. अत्यंत गरीब अशा कर्जबाजारी कुणब्याची मालमत्ता आणि महाराष्ट्रातील अत्यंत संपन्न देवस्थानांपैकी एकाची मालमत्ता, ही दोन टोके याच जिल्ह्यात आहेत. आणि दोन्ही ठिकाणी रिसिव्हरपदाचा संबंध आलेला आहे.

(१) पूर्वपीठिका

तंट्यातील मालमत्ता त्रयस्थाच्या हाती ठेवण्याची कल्पना इंग्रजी अमलाबरोबरच या देशात आली, असे समजणे बरोबर होणार नाही. मराठी राज्यात वतनाचा वाद उत्पन्न झाला असता निवाडा होईपर्यंत वतन सरकारजप्तीत घेण्याची वहिवाट होती. अशा वतनाचे उत्पन्न अमानत म्हणून राही, आणि गोतसभेत किंवा हुजुरात निर्णय होऊन जो खरा ठरे त्याच्या हवाली वतन केले जाई. वादी-प्रतिवादी दोघांच्याही हाती वस्तू राहू न देणे आणि निर्णयानंतर ती खऱ्या धन्याकडे पोचविणे, ही दोन्ही तत्त्वे या वहिवाटीत आढळतात.

भेद आहे तो हा की, जप्ती हा राजसत्तेचा अधिकार होता. जप्त वतनाचा कारभार पाहणारा कमाविसदार सरकारास उत्तरदायी असे. रिसिव्हर मात्र कोणत्याही पक्षाचा नव्हे आणि सरकारचाही नव्हे. तो केवळ न्यायालयाचा अधिकारी. ही कल्पना इंग्लंडातील चॅन्सरी न्यायालयाच्या समन्यायाच्या परंपरेतून आली. मुंबईत १८२४ साली सर्वोच्च न्यायालय सुरू झाले आणि १८६२ साली त्याची जागा उच्च न्यायालयाने घेतली, तेव्हा ही परंपरा तेथे रुजली. आजही मुंबई उच्च न्यायालयात ‘कोर्ट रिसिव्हर’ ही स्वतंत्र आणि कायमची कचेरी आहे. जिल्ह्यांतून मात्र अशी कचेरी नव्हती. तेथे रिसिव्हर आला तो दिवाणी संहितेच्या वाटेने.

(२) संहितेतील स्थित्यंतरे

१८५९ च्या पहिल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, वादातील मालमत्तेची नासाडी, नुकसान किंवा विल्हेवाट होण्याचा धोका असल्यास रिसिव्हर किंवा व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. १८८२ च्या संहितेत या विषयाचे कलम अधिक विस्ताराने आले. परंतु त्यास एक महत्त्वाची मर्यादा होती. नेमणुकीचा अधिकार उच्च न्यायालय व जिल्हा न्यायालय यांनाच होता. तालुक्याच्या ठिकाणच्या दुय्यम न्यायाधीशास रिसिव्हर नेमणे इष्ट वाटल्यास त्याने योग्य व्यक्तीचे नाव सुचवावे, कारणे लिहावी आणि ते जिल्हा न्यायालयाकडे मंजुरीसाठी पाठवावे, असा नियम होता. म्हणजे संगमनेर किंवा कोपरगाव येथील तंट्यात कोणाच्या हाती जमीन द्यावयाची याचा अखेरचा शब्द नगरला होता. ताबा काढून घेणे ही किती गंभीर गोष्ट मानली जात होती, याची साक्ष या नियमातून मिळते.

१९०८ च्या संहितेने ही मर्यादा काढून टाकली. तिच्या चाळिसाव्या आदेशानुसार न्यायालयास जेथे ‘न्याय्य व सोयीचे’ वाटेल तेथे हुकूमनाम्यापूर्वी किंवा नंतर रिसिव्हर नेमता येतो. अधिकार विस्तृत झाला, पण निरंकुश झाला नाही. ज्या त्रयस्थास मालमत्तेवरून दूर करण्याचा हक्क वादातील कोणत्याही पक्षास नाही, त्यास या आदेशान्वये दूर करता येत नाही. नेमणुकीच्या हुकुमाविरुद्ध अपील करण्याची मुभा आहे. पुढे १९५५ साली मद्रास उच्च न्यायालयाने एका निर्णयात या बाबतची पाच तत्त्वे सांगितली आणि त्यांना ‘पंच सदाचार’ असे अन्वर्थक नाव दिले. त्यांचा आशय असा: नेमणूक ही न्यायालयाच्या विवेकाची बाब आहे, लहरीची नव्हे; अर्जदाराचा दावा सकृद्दर्शनी बळकट असला पाहिजे; केवळ परस्परविरोधी हक्क सांगितले जाणे पुरेसे नाही, मालमत्तेस तातडीचा धोका दिसला पाहिजे; प्रत्यक्ष ताब्यात असलेल्यास शक्यतो हुसकावू नये; आणि अर्जदाराचे स्वतःचे वर्तन निर्दोष असावे. भारतातील न्यायालये आजही या तत्त्वांचा आधार घेतात.

(३) १८७९ चा कायदा आणि नाझर

या सर्वसामान्य इतिहासात अहमदनगरचे एक वेगळे प्रकरण आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि त्याचे लोण लवकरच नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे इत्यादी भागांत पोचले. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. कागद हाती आले, की ते जाळले जात. जमिनीला जमीनदोस्त करणारी वस्तू म्हणजे हा कागद, हे शेतकऱ्याने अचूक ओळखले होते. न्यायालय त्याच्या दृष्टीने सावकाराच्या वाड्याचाच एक सोपा झाले होते. एकतर्फी हुकूमनामा होई, जमीन लिलावात निघे आणि सावकारच ती विकत घेई.

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा खरा इतिहास तपासावा, हप्ते बांधून द्यावेत आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैद होऊ नये, या त्यातील तरतुदी सुपरिचित आहेत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून काम केले, हेही सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र या कायद्यातील नादारीचे प्रकरण अधिक लक्षणीय आहे.

पन्नास रुपये किंवा अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्यास नादार ठरवून घेण्यासाठी अर्ज करण्याची मुभा या कायद्याने दिली. नादारी आली म्हणजे रिसिव्हर आला. कारण नादाराची मालमत्ता ताब्यात घेऊन धनकोंमध्ये वाटणारा कोणी तरी पाहिजेच. तो कोण असावा याविषयी कायद्याने न्यायाधीशास निवडीची मोकळीक ठेवली नाही. न्यायालयाच्या नाझराखेरीज अन्य कोणासही रिसिव्हर नेमू नये आणि रिसिव्हरास दलाली मिळू नये, असा स्पष्ट निर्बंध घातला.

या छोट्याशा निर्बंधामागे मोठा विचार आहे. पन्नास-शंभर रुपयांच्या नादारीत बाहेरचा रिसिव्हर आणला, तर बैल-भांडी विकून आलेले पैसे त्याच्या मेहनतान्यातच संपावयाचे. गावातील प्रतिष्ठित आणि हिशेब जाणणारा गृहस्थ शोधू गेले, तर तो बहुधा सावकार किंवा त्याचा आप्त निघावयाचा. म्हणून पगारी, जामीन दिलेला आणि न्यायालयाच्या आवारातच बसणारा नाझर निवडला गेला. ज्या नाझराच्या बेलिफाने काल जप्ती आणली, त्याच कचेरीकडे आज राखणदारी आली.

जमिनीच्या बाबतीत कायदा आणखी एक पाऊल पुढे गेला. खास गहाण नसलेली शेतजमीन पैशाच्या हुकूमनाम्यासाठी जप्त करून विकण्यास त्याने बंदी केली. तथापि ऋणकोच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहास लागणारी जमीन वगळून उरलेली जमीन जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत कलेक्टराच्या ताब्यात देऊन धनकोच्या हितासाठी तिची व्यवस्था करविण्याचा अधिकार न्यायालयास दिला. मुदत संपली की जमीन परत कुणब्याकडे. येथे कलेक्टर नावाने रिसिव्हर नसला, तरी कामाने तोच होता. लिलावाने मालकी कायमची जाते, व्यवस्थेने उत्पन्न काही काळ जाते. हा भेद ओळखणे हेच या कायद्याचे मर्म होते. पुढे कर्जनिवारणाचे नवे कायदे झाले आणि १८७९ चा कायदा इतिहासजमा झाला. परंतु राखणदारी हा विक्रीला पर्याय होऊ शकतो, ही शिकवण त्याने मागे ठेवली.

(४) कारभाराची रीत

रिसिव्हराची नेमणूक झाली म्हणजे प्रत्यक्षात काय घडते, हे आता पाहू. न्यायालयाने ठरविलेल्या रकमेचा जामीन त्याने प्रथम द्यावयाचा असतो. नंतर पंचांसमक्ष मालमत्तेची यादी करून तो ताबा घेतो. हुकुमात जे अधिकार दिलेले असतील तेवढेच त्यास असतात: भाडे किंवा खंड वसूल करणे, दुरुस्ती करणे, दावे लावणे किंवा लढविणे, दस्तऐवज करून देणे इत्यादी. ठरलेल्या मुदतीत जमाखर्च सादर करणे आणि निघालेली शिल्लक न्यायालय सांगेल तेथे भरणे त्यास बंधनकारक असते. जाणूनबुजून केलेल्या कसुरीमुळे किंवा घोर निष्काळजीपणामुळे मालमत्तेचे नुकसान झाल्यास ते त्याने भरून द्यावे लागते. प्रसंगी त्याची स्वतःची मालमत्ता जप्त करून विकता येते.

या बंधनांच्या मोबदल्यात कायद्याने त्यास मोठे कवच दिले आहे. रिसिव्हराच्या ताब्यातील वस्तू न्यायालयाच्याच ताब्यात आहे असे मानले जाते. न्यायालयाच्या परवानगीवाचून त्या ताब्यात ढवळाढवळ केल्यास तो न्यायालयाचा अवमान ठरू शकतो, आणि रिसिव्हरावर दावा लावण्यासही तशी परवानगी घ्यावी लागते. मात्र नेमणुकीने कोणाचीही मालकी सिद्ध किंवा नष्ट होत नाही. अखेर जो पक्ष जिंकेल त्याच्यासाठीच हा ताबा होता, असे कायदा मानतो.

शेतजमिनीच्या वाटणीच्या दाव्यात या रीतीची खरी कसोटी लागते. रिसिव्हर स्वतः नांगर धरीत नाही. तो जमीन बहुधा एका सालाच्या बोलीने लावून देतो, आणि पुष्कळदा भाऊबंदांतच बोली होऊन त्यांतील एकजण ती कसावयास घेतो. जिरायती भागात, जेथे बाजरीचे किंवा ज्वारीचे एक पीक येते, तेथे ही पद्धत ठीक चालते. प्रवरेच्या कालव्याखाली मात्र अडचण येते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि या पट्ट्यात ऊस पसरला. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. सालाची बोली संपते तेव्हा पीक अर्ध्यावर असते. ज्याने लागण केली त्यास तोडणीपर्यंत मुदत द्यावी, तर पुढच्या सालाची बोली अडते. न द्यावी, तर लागण करावयास कोणी धजत नाही. पाण्याची पाळी कोणाच्या नावे घ्यावयाची आणि मोटारीचे बिल कोणी भरावयाचे, हे प्रश्न निराळेच. याउलट एक सोयही आहे. भुसार माल खळ्यावरून कोठे गेला याचा थांग लागत नाही. पण उसाचा पैसा कारखान्याच्या खात्यातून मिळत असल्यामुळे तो परस्पर न्यायालयात भरण्याचा हुकूम होऊ शकतो. प्रवरा खोऱ्यात १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, आणि त्यामुळे रिसिव्हराचे काम एका परीने अवघड तर दुसऱ्या परीने सोपे झाले.

(५) हे पद कोणास मिळते

रिसिव्हर होण्यासाठी एखादी परीक्षा किंवा सनद आहे, असा समज काही ठिकाणी आढळतो. संहितेत तशी कोणतीही अट नाही. पदासाठी अर्ज करून ते मिळवावयाचे नसते. विशिष्ट दाव्यात विशिष्ट मालमत्तेसाठी न्यायालय व्यक्ती निवडते आणि काम संपताच पद संपते. पक्ष नावे सुचवू शकतात, परंतु न्यायालय त्यांनी बांधले जात नाही.

निवडीचे निकष व्यवहारातून ठरलेले आहेत. व्यक्ती निःपक्ष असावी, वादाच्या फलात तिचा स्वार्थ नसावा, हिशेब ठेवण्याची तिला सवय असावी, जामीन देण्याची ऐपत असावी आणि मालमत्तेपर्यंत वारंवार जाणे तिला शक्य असावे. जिल्ह्याच्या ठिकाणी ही निवड बहुधा वकिलांतून होते. कधी न्यायालयाचा कर्मचारी, तर कधी हिशेबतज्ज्ञ नेमला जातो. पक्षापैकीच एकास नेमणे हा अपवाद. ते बहुधा सर्वांच्या संमतीने होते. सरकारसारा भरणाऱ्या जमिनीच्या बाबतीत, संबंधितांचे हित त्यात असल्यास, कलेक्टरास त्याच्या संमतीने नेमता येते. मेहनताना न्यायालय ठरविते आणि तो सामान्यतः मालमत्तेच्या उत्पन्नातून मिळतो.

यास दोन अपवाद आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचा कोर्ट रिसिव्हर हा कायमचा अधिकारी आहे. आणि १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने शासनास ‘ऑफिशियल रिसिव्हर’ नेमण्याचा अधिकार दिला होता. कंपन्यांच्या दिवाळखोरीत २०१६ च्या संहितेने नोंदणीकृत व्यावसायिकांचा एक नवा वर्ग निर्माण केला. त्यास परीक्षा आणि नोंदणी दोन्ही आवश्यक आहेत. परंतु तो वर्ग आणि दिवाणी न्यायालयाचा रिसिव्हर यांत गल्लत करता कामा नये. नवोदित वकिलास या कामाकडे जाण्याचा मार्ग अजूनही जुनाच आहे. कोर्ट कमिशनर म्हणून मोजणी-पाहणीची लहान कामे चोख करावी, अहवाल वेळेवर द्यावा, आणि न्यायाधीशाचा विश्वास संपादन करावा. एका चुकलेल्या हिशेबाने तो विश्वास जातो.

(६) शिर्डी संस्थान

आता दुसऱ्या टोकाकडे वळले पाहिजे. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी शिर्डी येथे श्रीसाईबाबांचे निर्वाण झाले. नागपूरचे धनिक गोपाळराव बुटी यांनी बांधविलेल्या वाड्यात त्यांची समाधी झाली. फकिराला वारस नव्हता आणि मृत्युपत्रही नव्हते. भक्तांची देणगी मात्र येतच राहिली. ही मालमत्ता कोणाची, या प्रश्नास रूढ कायद्यात सरळ उत्तर नव्हते. मुंबईचे सॉलिसिटर हरि सीताराम ऊर्फ काकासाहेब दीक्षित प्रभृती भक्तांनी पुढाकार घेतला आणि १९२२ साली अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयाने संस्थानच्या कारभाराची योजना मंजूर केली. व्यक्तीच्या मागे राहिलेली वस्तू न्यायालयाच्या लेखणीने सार्वजनिक न्यास झाली.

स्वातंत्र्यानंतर १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला आणि धर्मादाय आयुक्ताची देखरेख सुरू झाली. १९६० साली संस्थानच्या कारभारासंबंधी मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला आणि त्याच्या ओघात संस्थानचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या रिसिव्हराकडे गेला. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याच न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार नवे व्यवस्थापन मंडळ येईपर्यंत ही व्यवस्था टिकली.

या कालखंडाचा एक बोलका पुरावा संस्थानच्या ‘श्रीसाईलीला’ या मासिकात मिळतो. १९७० नंतरच्या अंकांवर संपादक म्हणून प्रथम पाठक आणि पुढे काकरे ही नावे येतात, आणि नावापुढे ‘रिसिव्हर, शिर्डी संस्थान’ असे पद छापलेले असते. भक्तांचे अनुभव, स्तोत्रे आणि उत्सवांची वृत्ते प्रसिद्ध करणारा संपादक हा दिवाणी संहितेखालील अधिकारी आहे, ही घटना विचार करण्याजोगी आहे. चाळिसाव्या आदेशाने रिसिव्हराकडून रक्षण, वसुली आणि हिशेब यांची अपेक्षा केली. परंतु देवस्थान ही गोठवून ठेवता येणारी वस्तू नव्हे. तेथे रोज आरती व्हावयाची, यात्रेकरूंना राहावयास जागा लागावयाची, प्रसाद शिजावयाचा, नोकरांचे पगार व्हावयाचे. जैसे थे ठेवणे म्हणजे काहीच न करणे, असा अर्थ येथे घेताच येत नाही. साहजिकच राखणदार हा कारभारी झाला.

यात लाभ होता, तसा धोकाही होता. हिशेब न्यायालयापुढे जात असल्यामुळे कारभारास शिस्त आली. दुसरीकडे, दावा लांबला तसतशी तात्पुरती व्यवस्था हीच नित्याची व्यवस्था झाली. १९६० साली जन्मलेले मूल वयात आले तरी दाव्याची अखेर झाली नव्हती. शिर्डीच्या गावकऱ्याला आपल्या गावच्या देवस्थानाविषयी काही सांगावयाचे, तर ते ऐकणारी अंतिम सत्ता दूर मुंबईच्या न्यायदालनात होती. ज्याची निवड भक्तांनी केलेली नाही आणि ज्यास बदलण्याचा अधिकार त्यांना नाही, अशा व्यक्तीने श्रद्धास्थानाचा विस्तार कोणत्या दिशेने करावा, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडताच येत नव्हता.

२००४ साली राज्य विधिमंडळाने संस्थानसाठी स्वतंत्र कायदा केला आणि न्यायालयाच्या योजनेची जागा शासननियुक्त व्यवस्थापन समितीने घेतली. तरीही न्यायालयाचा संबंध सुटला नाही. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शासनाने केलेली समितीची नेमणूक रद्द ठरविली, तेव्हा मधल्या काळासाठी कारभार पाहावयास जी तदर्थ समिती होती, तिच्या अध्यक्षस्थानी अहमदनगरचे प्रधान जिल्हा न्यायाधीश होते. १९२२ मध्ये ज्या न्यायासनाने पहिली योजना दिली, त्याच न्यायासनाकडे बरोबर शंभर वर्षांनी राखणदारी आली.

(७) उपसंहार

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, रिसिव्हर कोण असावा या प्रश्नाचे उत्तर मालमत्तेच्या स्वरूपावर अवलंबून असते. १८७९ च्या कायद्याने कुणब्याच्या नादारीत विनामोबदला नाझर नेमला, कारण तेथे रिसिव्हराचा खर्च हाच मुख्य धोका होता. शिर्डीत पूर्णवेळ कारभारी आवश्यक झाला, कारण तेथे अव्यवस्था हा धोका होता. दुसरी अशी की, ज्या मालमत्तेत माणसांचे नित्य जीवन गुंतलेले असते, तिचे निव्वळ रक्षण करता येत नाही. उसाच्या शेतात जे लहान प्रमाणावर दिसते, तेच देवस्थानात मोठ्या प्रमाणावर दिसते: काळ थांबत नसल्यामुळे राखणदारास निर्णय घ्यावेच लागतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. १८७९ च्या कायद्याने कलेक्टराच्या ताब्यास सात वर्षांची सीमा घातली होती. १९०८ च्या संहितेतील रिसिव्हरास अशी कोणतीही सीमा नाही. दावा संपेपर्यंत तो असतो, आणि दावा कधी संपेल हे त्याच्या हाती नसते. गरिबाच्या चार बिघ्यांसाठी जी काळजी कायद्याने एकदा घेतली, ती पुढे सर्वसाधारण कायद्यात उतरली नाही. परत करावयाची वस्तू जो सांभाळतो, त्याच्या कामाचे मोल ती वस्तू वेळेवर परत जाण्यावरच ठरते. राखणीला मुदत असावी, ही नगर जिल्ह्याच्या इतिहासातून निघणारी जुनी सूचना आजही विचारात घेण्यासारखी आहे.